विश्लेषण : हिटलर-मुसोलिनींइतकेच ब्रिटन-फ्रान्सलाही बोचणारे व्यंगचित्रकार डेव्हिड लो कोण होते?

बाळासाहेब ठाकरे यांनी ज्यांना व्यंगचित्रकलेतील आदर्श मानले आणि आर. के. लक्ष्मण ज्यांची इंग्रजी सही लहानपणी 'काऊ' अशी वाचत, ते डेव्हिड लो प्रामुख्याने हिटलर आणि मुसोलिनी यांच्यावरील व्यंगचित्रांसाठी ओळखले जातात. मात्र अबिसिनियाच्या युद्धानंतर त्यांच्या कुंचल्याचा फटका ब्रिटन आणि फ्रान्सलाही बसला. त्याची किंमत त्यांना मायदेशात नव्हे, पण ज्या देशात ते काम करत होते तिथेच मोजावी लागली.

लो यांची जडणघडण कुठे झाली?

लो यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी फारसे घेतले नाही. मासिकांतील चित्रे पाहून ते शिकले आणि वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे पहिले चित्र छापून आले. १९११ मध्ये ते सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात दाखल झाले. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांच्यावरील व्यंगचित्रांच्या पुस्तकाने त्यांचे नाव झाले आणि १९१९ मध्ये ते लंडनला पोहोचले. १९२७ मध्ये त्यांनी लॉर्ड बिव्हरब्रुक यांच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये काम सुरू केले, ते एका अटीवर. विषय आणि मत आपले राहील, ही ती अट. मालक साम्राज्यवादी आणि व्यंगचित्रकार डाव्या विचारांचा, तरीही ही जोडी दोन दशकांहून अधिक काळ टिकली. १९३४ मध्ये लो यांनी जन्माला घातलेला 'कर्नल ब्लिम्प' हा टकला, मिशाळ, साम्राज्याच्या गुर्मीत वाट्टेल ते बरळणारा लष्करी म्हातारा तर इंग्रजी भाषेतील शब्दच होऊन बसला.

अबिसिनियाचे युद्ध काय होते?

अबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. १८९६ मध्ये अडोवाच्या लढाईत या देशाने इटलीचा पराभव केला होता. तो सल मनात ठेवून मुसोलिनीने ३ ऑक्टोबर १९३५ रोजी आक्रमण केले. विमाने आणि विषारी वायू यांच्यासमोर सम्राट हेले सेलासी यांच्या सैन्याचा निभाव लागला नाही. अबिसिनिया राष्ट्रसंघाचा सदस्य होता. त्यामुळे राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, पण त्यातून तेल वगळले. इटलीची जहाजे सुएझ कालव्यातून जात राहिली. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी अबिसिनियाचा मोठा भूभाग इटलीला देण्याचा गुप्त आराखडा आखला. तो फुटला, जनक्षोभ उसळला आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. ५ मे १९३६ रोजी राजधानी अदिस अबाबा पडली. भारतातही याचे पडसाद उमटले. एप्रिल १९३६ च्या लखनऊ अधिवेशनात काँग्रेसने अबिसिनियाला सहानुभूती दर्शवली.

लो यांनी नेमकी कोणाची खिल्ली उडवली?

३० जून १९३६ रोजी हेले सेलासी यांनी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे दाद मागितली. उत्तरादाखल जुलैच्या सुरुवातीला निर्बंध मागे घेण्याचे ठरले. त्यानंतर काही दिवसांतच, ८ जुलैला, लो यांचे एक गाजलेले व्यंगचित्र आले. त्यात लोकशाही देशांचे कणाहीन नेते वाकून बसले आहेत आणि त्यांच्या पाठींच्या पायऱ्या करून हिटलर वर चढतो आहे. पायऱ्यांवर शस्त्रसज्जता, ऱ्हाईनलँड, डान्झिग अशी नावे आहेत आणि शेवटच्या टोकाला साऱ्या विश्वाची मालकी. चित्रात आक्रमक आहे, पण खरा टोमणा वाकलेल्या पाठींना आहे. दुबळ्या देशाला वाऱ्यावर सोडले की दांडगटाची भूक भागत नाही, वाढते, हे लो यांचे म्हणणे होते.

दबाव कोणाकडून आला?

लो यांच्या चित्रांवर जर्मनी आणि इटलीत बंदी होती. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश नेते लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा तिथे त्यांना लो यांच्याविषयी तक्रारी ऐकाव्या लागल्या. परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी 'इव्हिनिंग स्टँडर्ड'च्या व्यवस्थापनामार्फत लो यांना हात आवरता घेण्यास सुचवले. शांततेच्या प्रयत्नांत आपला अडसर नको म्हणून लो काही काळ थांबले. पण गप्प बसले नाहीत. हिटलर आणि मुसोलिनी यांची सरमिसळ करून त्यांनी 'मझलर' नावाचे पात्र काढले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हा संयमही संपला आणि दोघेही हुकूमशहा पुन्हा आपल्या मूळ चेहऱ्यांनिशी चित्रांत अवतरले.

पुढे काय झाले?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध भडकले. जिंकल्यानंतर ब्रिटनमध्ये कोणाकोणाला पकडायचे, याच्या नाझी यादीत लो यांचेही नाव होते. १९३५ मध्ये जे तेल रोखून साधले असते, त्यासाठी आता रक्त सांडावे लागले. १९४१ मध्ये इटलीच्या ताब्यातील एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत झालेल्या घनघोर लढाईत भारतीय तुकड्या आघाडीवर होत्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, हेले सेलासी अदिस अबाबात परतले.

लो यांनी १९५० मध्ये 'इव्हिनिंग स्टँडर्ड' सोडले. पुढे 'डेली हेराल्ड' आणि 'मँचेस्टर गार्डियन'साठी ते चित्रे काढत राहिले. १९६२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी मुंबईत 'मार्मिक' सुरू झाले होते.