संत गोन्सालो गार्सिया : बंद दारापाशी उभा राहिलेला वसईकर



नोकरी, विवाह, अपत्य, आजारातून सुटका. यांपैकी कशाची ना कशाची वाट आपण सारेच पाहत असतो. नोव्हेनामागून नोव्हेना होतात आणि उत्तर येत नाही. अशा वेळी वसईच्या मातीतील संत गोन्सालो गार्सिया यांचे आपण स्मरण करू या.

त्यांचा जन्म 1556च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. किशोरवयातच ते धर्मगुरूंसोबत जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाची सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु ती वारंवार लांबणीवर पडली. अखेर जड अंतःकरणाने त्यांनी तो मार्ग सोडला व ते व्यापारात उतरले. व्यापारात त्यांचा जम बसला, पण मनातील हाक शमली नाही.

पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले. 1593 साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते दुभाषी म्हणून जपानला परतले. वाया गेली असे वाटलेली वर्षे आता फळास आली. जी भाषा त्यांनी प्रतीक्षेच्या काळात कमावली होती, तिच्याच बळावर ते सत्ताधीश हिदेयोशी यांच्यासमोर मिशनचे म्हणणे मांडू शकले.

डिसेंबर 1596 मध्ये छळाला प्रारंभ झाला. बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला व ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत संत पॉल मिकी यांच्यासह तिघे येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नाही, त्याच संघाच्या बंधूंसमवेत त्यांनी प्राण अर्पण केला.

1627 साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि 1862 साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. ते भारतभूमीत जन्मलेले पहिले संत. हुतात्म्यानंतरही 265 वर्षांची प्रतीक्षा!

नकार मिळाला म्हणून गोन्सालोंनी प्रार्थना सोडली नाही आणि ते हात जोडून स्वस्थही बसले नाहीत. देवाचा विलंब म्हणजे देवाचा नकार नव्हे, हे त्यांचे जीवन आपल्याला शिकवते. आपणही हाती असलेले काम निष्ठेने करीत राहू या. वेळ ठरविणे परमेश्वराच्या हाती सोपवू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हासाठी विनंती कर.