अंगणात आलेली शाळा

उन्हाळ्यात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो. जवळच चार वर्षांचं पोर एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवत असतं. आईला कोण कौतुक! पण त्यालाच पाच हिरडे आणायला सांगा, मूठभर घेऊन येईल. अंक तोंडाला आले, हाताला आले नाहीत. मैत्रिणींनो, अंक हाताला यावेत म्हणून शाळाच अंगणात नेली ती ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी. त्या काळात अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेनं बघत, हे काय सांगायला हवं? पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. १९२१ मध्ये राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात प्राचार्या झाल्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे त्यांना माँटेसरी पद्धत गवसली. हाताळत, हालचाल करत मूल शिकतं, हे त्यांना मनोमन पटलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला.

मुंबईत नाव झालं होतं, तरी मनात सल होता. माँटेसरीची साधनं महाग. मग गरिबाच्या मुलानं शिकायचं कशावर? १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीच्या खेड्यात गेल्या. सोबतीला आल्या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ. महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं आली. तरीही वाडीवरची मुलं शाळेत येईनात. धाकटी भावंडं सांभाळणार कोण, गुरं राखणार कोण? मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! गुराख्यांसाठी कुरणातही शाळा भरली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. ते बघायला मात्र ताराबाई नव्हत्या.

आज आपल्या गावागावांत अंगणवाडी आहे. पण घरी आपण काय करतो? पोरगं तीन वर्षांचं झालं, की पाटी-पेन्सिल हातात देतो. अंक वाकडा आला की धपाटा! मूल मग अंकांनाच भिऊ लागतं.

त्यापेक्षा एवढं करून बघा. पायरी चढताना प्रत्येक पावलाला एकच अंक म्हणा. अंगणात तीन उड्या मारायला सांगा, आणि तिसरीला थांबायला. थांबता आलं, की समजा तीन कळले. जेवताना घरातल्या माणसांइतकी ताटं त्यालाच मांडू द्या. एक कमी पडलं तर लगेच सांगू नका, त्याचं त्यालाच उमजू द्या. हिरडे, चिंचोके मोजायला द्या, फक्त तोंडात घालत नाही ना, तेवढी नजर ठेवा.

पाटी काय, पुढे येईलच की. आधी अंगणात उडी तर मारू द्या!