सोनेरी कंपासाचा धनी : ख्रिस्तोफ प्लँटिन

पुस्तक हातीं घेतांना त्याच्या लेखकाचें नांव आपण पाहतों. परंतु तें पुस्तक देशोदेशीं पोंचविणाऱ्या प्रकाशकाची आठवण आपणांस क्वचितच होते. अशांपैकीं एका थोर प्रकाशकाचें हें चरित्र आहे.

ख्रिस्तोफ प्लँटिन याचा जन्म सुमारें १५२० सालीं फ्रान्स देशांत तूर शहराजवळ झाला. पुस्तकबांधणीची कला शिकून तो १५४९ च्या सुमारास अँटवर्प बंदरीं येऊन राहिला. तेथें त्याच्या सुबक कामाची कीर्ति झाली. परंतु एका रात्रीं कोणी दुसराच समजून मद्यप्यांनी त्यास तलवारीनें जखमी केलें व ती कला त्यास सोडावी लागली, असें सांगतात. तो खचला नाहीं. १५५५ सालीं त्यानें पहिलें पुस्तक छापलें.

१५६२ सालीं तो पॅरिसला असतां त्याच्या कामगारांनीं एक निषिद्ध धर्मपुस्तिका छापली. त्यामुळें त्याच्या छापखान्याचा लिलांव झाला. पुढच्याच वर्षीं भागीदार मिळवून त्यानें नव्यानें आरंभ केला. सोनेरी कंपास हें त्याच्या संस्थेचें चिन्ह होतें. कंपासाचा फिरता पाय म्हणजे श्रम व स्थिर पाय म्हणजे निष्ठा.

त्याचे ग्रंथ फ्रँकफुर्टच्या जत्रेंत विकले जात व तेथून सर्व युरोपांत पसरत. गार्सिया द ओर्ता याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला होता. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें केलेला त्याचा लॅटिन संक्षेप प्लँटिननें १५६७ सालीं प्रसिद्ध केला. लॅटिन ही त्या काळीं विद्वानांची सामाईक भाषा असल्यानें गोव्यांतील ज्ञान दूरदूरच्या अभ्यासकांस लाभलें.

१५६८ ते १५७२ या काळांत त्यानें पांच भाषांतील पवित्र शास्त्राचे आठ खंड छापले. त्या कामीं त्याची मुलगी माग्दालेना तेरा वर्षांच्या सुमारास मूळ पाठ वाचून दाखवी आणि विद्वान संपादक प्रुफें तपासीत. हिब्रू व ग्रीक शब्दांचा अर्थ तिला कळत नसे. पण उच्चारांत चूक होऊं नये म्हणून ती जपे. एक अक्षर चुकलें तर हजारों वाचक चुकतील, ही जाणीव त्या घरांत होती.

१५७६ सालीं स्पॅनिश सैनिकांनीं अँटवर्प लुटलें. पुनःपुन्हां खंडणी देऊन त्यानें घर वाचविलें, परंतु बहुतेक यंत्रें थांबलीं. तरीहि १५८३ सालीं त्यानें लायडन येथें शाखा काढली व तेथील विद्यापीठाचा मुद्रक झाला. पुढें ती शाखा जांवई राफेलेंगियस याजकडे सोंपवून तो अँटवर्पला परतला. १ जुलै १५८९ रोजीं त्याचें देहावसान झालें.

दुसरा जांवई मोरेटस याच्या वंशजांनीं तो व्यवसाय १८६७ पर्यंत चालविला. तें घर आज संग्रहालय आहे, आणि जगांतील सर्वांत जुनीं दोन मुद्रणयंत्रें तेथें आहेत. २००५ सालीं त्यास जागतिक वारसास्थानाचा मान मिळाला.

हात जायबंदी झाला, माल लिलांवांत गेला, शहर लुटलें गेलें. तरी कंपासाचा एक पाय स्थिर राहिला व दुसरा फिरत राहिला. मुलांनो, आपल्या अभ्यासाचें वर्तुळहि याच रीतीनें पूर्ण होतें.