केडगावच्या पंडिता रमाबाई

गेल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात प्रत्येकाला एकेका थोर व्यक्तीवर दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. माझ्या वाट्याला पंडिता रमाबाई आल्या. मी आपले घोकून ठेवलेले भडाभडा बोलत होते, आणि बोलण्याच्या ओघात सांगून गेले की ख्रिस्ती लोकही आपल्यासारखाच पुनर्जन्म मानतात, येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जन्माला आला म्हणून. वर्गात कुणी हसले नाही, कारण कुणालाच त्यात चूक दिसली नाही. फक्त दुसऱ्या बाकावर बसणारी माझी ख्रिस्ती मैत्रीण खाली मान घालून वहीवर रेघोट्या ओढू लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे सांगितले की पुनर्जन्म वेगळा आणि पुनरुत्थान वेगळे, आणि ज्या बाईने हे दोन्ही जवळून पाहिले तिच्यावरच तू बोलते आहेस, तेव्हा आणखी वाचून ये.

मी वाचून आले. वाचता वाचता वर्ष सरले, आणि त्यातून हा लेख झाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आईला सही येत नाही. त्यामुळे रमाबाईंच्या आईची हकीकत वाचली तेव्हा मी प्रथम चकितच झाले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांनी त्यांचा छळ मांडला, तेव्हा शास्त्रीबुवा संसार घेऊन सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे राहायला गेले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे दारिद्र्य आले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात पुराण सांगायचे, मिळेल ती दक्षिणा घ्यायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. या चालत्या शाळेत आईने मुलीला भागवत मुखोद्गत करवले.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. १८७४ साली वडील गेले. काही महिन्यांत आई गेली, आणि पाठोपाठ थोरली बहीण. आईच्या मृत्यूचा प्रसंग मी तीनदा वाचला. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी सोळा वर्षांची रमा. मसणवटा कोसभर दूर. रमा उंचीने कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

या मुलीने पुढे मेलेली माणसे उठतील असे मानले. कशाच्या बळावर मानले, हे मला शोधायचे होते. कारण आमच्याही घरात दोन वर्षांपूर्वी एक तिरडी बांधली गेली होती. माझी थोरली बहीण काविळीने गेली. त्यानंतर सात महिन्यांनी चुलतभावाला मुलगी झाली आणि आजीने तिच्या मानेवरचा तीळ पाहून आमची अक्काच परत आली असे ठरवून टाकले. मी त्या बाळाला मांडीवर घेते, पण तिला अक्का म्हणून हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. असो. विषय रमाबाईंचा आहे.

बहीणभाऊ पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृतातले बायबल भेट मिळाले. पण गंमत अशी की या संस्कृत पंडितेला ते संस्कृत उमगेचना! तिच्या ओळखीच्या ग्रंथांहून ती भाषा इतकी निराळी होती की पुस्तक तसेच बाजूला पडले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येते.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. सिलचरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले, आणि हे पुस्तक मात्र समजले. तिथल्या एका मिशनऱ्यांकडून त्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या कथाही ऐकू लागल्या. पतीला ते रुचले नव्हते. पण लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांना नेले. मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती.

आता लूकच्या या शुभवर्तमानाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र चार जणांनी सांगितले आहे: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. चौघांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक पुष्कळ आहेत. पण एका गोष्टीवर चौघांचे एकमत आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे, कबर रिकामी असल्याचे प्रथम बायकांना कळले, आणि त्यांत मग्दालिया मरीया होती. लूक तर स्पष्टच सांगतो की बायकांनी येऊन हे सांगितले तेव्हा प्रेषितांना ती निव्वळ बडबड वाटली. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. कुणाला बनावट गोष्ट रचायची असती तर त्याने पहिली साक्षीदार म्हणून बाई निवडली नसती, असे अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटते. शास्त्र वाचण्याचा बाईला अधिकार नाही हे ज्या रमाबाईंनी लहानपणापासून ऐकले होते, त्यांच्या हाती नेमके हेच पुस्तक पहिल्याने पडावे, याला मी योगायोग म्हणते. माझी मैत्रीण म्हणत नाही.

पतीच्या मृत्यूनंतर त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

त्यांचे मन कशाने वळले? त्यांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे त्यात तर्कवितर्क कमी आणि पाहिलेले जास्त आहे. समाजाने टाकलेल्या बायकांना जोगिणी मायेने सांभाळतात हे त्यांनी लंडनजवळ पाहिले. हे का करता असे विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. पण म्हणून त्या कुणाच्या मुठीत गेल्या असे समजू नये. त्रैक्य, कुमारीच्या पोटचा जन्म या मतांवर त्या मठातल्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाकडा भांडल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का हवीत, आमच्या संस्कृताने काय घोडे मारले आहे, असाही वाद त्यांनी घातला. धर्म बदलला, पण ताठ मान बदलली नाही. मला हे फार आवडते.

पुढचा भाग आपण शाळेत वाचलेला आहे, म्हणून झरझर सांगते. १८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे नंतरच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ, ‘केसरी’ची टीका, रानडे-भांडारकरांचे राजीनामे. या वादात सारी चूक एकाच बाजूची होती असे मला वाटत नाही. पालकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होताच. पण त्या पालकांपैकी किती जणांनी एरवी त्या मुलींची चौकशी केली असती, हाही प्रश्न आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या वर मुली व बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभी राहिली. पुढे तिथली वस्ती दीड हजारांवर गेली. सोळाव्या वर्षी दुष्काळातून वाचलेली मुलगी चाळिशीत दुष्काळाकडे परत गेली, एवढेच मी म्हणेन.

आता पुन्हा पुस्तकाकडे येते. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरे यांचा मराठी नवा करार श्रीरामपूरला १८११ मध्येच छापला गेला होता, पुढे इतर भाषांतरेही झाली. पण केडगावच्या मुलींना ती मराठी जड जाई. कलकत्त्यात आपल्याला जे झाले तेच या पोरींना होते आहे, हे रमाबाईंनी ओळखले असावे. मग वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. ऐकू येणे कमी होत गेले होते. छापखाना मुक्तीतच. खिळे जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका, पुस्तक बांधणाऱ्या बायका. त्यांतल्या कित्येकींना अक्षर ओळखायला तिथेच शिकवले होते.

या कामात असताना मनोरमा गेली. शारदा सदनची जबाबदारी तिच्यावर होती, आईमागे सारे तीच सांभाळणार होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला तिचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती, आणि शेवटी एकुलती एक लेक.

त्यांनी भाषांतर सोडले नाही. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र त्यांच्या हाताखालून गेलेलेच होते. त्याचा पंधरावा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. इसवी सनाच्या ५५ च्या सुमारास लिहिलेले हे पत्र चारही शुभवर्तमानांहून जुने आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा सगळा विश्वास फुकट, असे पौल तिथे आडपडदा न ठेवता सांगतो. आणि दाखला देतो तो पेरणीचा. दाणा मातीत जातो तेव्हा तो संपतो, उगवते ते निराळेच दिसते, पण ते त्याच दाण्याचे असते. हे मी आमच्या आईला सांगितले, तिला लगेच समजले. ज्वारीचे कुणी आम्हाला समजावून सांगायला नको.

म्हणजे फरक हा. पुनर्जन्मात जीव जुने कपडे टाकून नवे घेतो, जुने नाव राहत नाही, जुनी नाती राहत नाहीत. पुनरुत्थानात तेच माणूस उठते. योहान सांगतो की बागेत मरीयेला येशू माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. थोमा शंकेखोर, त्याला हातांवरचे खिळ्यांचे वण दाखवावे लागले. मी स्वतः यांपैकी काय मानते, हे अजून मला सांगता येणार नाही. पण माझ्या वर्गातल्या चुकीची लाज मला का वाटली, ते आता कळते. आपल्या लेकीला तिच्या नावाने पुन्हा हाक मारता येईल असे मानणारी बाई आणि तीळ शोधणारी माझी आजी, या दोघींना मी एकाच शब्दात कोंबले होते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर अकरा दिवसांवर होता. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि काम हातावेगळे होताच त्यांनी डोळे मिटले, असे मुक्तीत सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला मी थोमाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग तिने विचारले, वण राहतात म्हणतेस, तर मग अक्काच्या हातावरचा तव्याचा डाग पण राहील का गं?