अल-बैरूनी आणि रत्नांची पारख

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या सराफाकडे अंगठीसाठी अकीक अथवा याकूत निवडताना, खडा अस्सल आहे ना, असे आपण विचारतोच. वाचकहो, हाच प्रश्न एका थोर मुस्लिम विद्वानाने हजार वर्षांपूर्वी तराजूत तोलला होता.

अबू रैहान अल-बैरूनी यांचा जन्म इ.स. ९७३ मध्ये ख्वारिज्म येथे झाला. १०१७ मध्ये सुलतान महमूदने तो प्रांत जिंकला आणि त्यांना गझनीस नेले. पुढे ते संस्कृत शिकले. हिंदुस्थानावरील त्यांच्या ग्रंथाची कीर्ती आपण जाणतोच. उतारवयात, सुलतान मौदूदच्या काळात, त्यांनी रत्नांवर रचलेल्या ‘किताबुल जमाहिर’कडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

त्यांची रीत साधी होती. तोटी असलेले शंकूच्या आकाराचे भांडे पाण्याने भरावयाचे, त्यात खडा सोडावयाचा आणि तोटीतून सांडलेले पाणी तोलावयाचे. खडा त्या पाण्याच्या किती पट भरतो, यावरून त्याची जात कळते. याकूत सुमारे चौपट, लअल साडेतीन पटींहून किंचित अधिक, तर स्फटिक अडीच पटींच्या थोडा वर. याकूत व लअल दोन्ही तांबडे, त्यामुळे नजर फसते. इंग्लंडच्या राजमुकुटातील प्रसिद्ध ‘माणिक’सुद्धा वस्तुतः लअलच आहे!

परंतु सरनदीपमध्ये याकूत तापवून त्याचा रंग उजळतात, हेही बैरूनींनी नोंदविले आहे. येथे तराजू मुका होतो, कारण तापविल्याने वजन बदलत नाही. आपला आवडता अकीकही गुजरातेत रतनपूरला मंद आचेवर भाजून लाल केला जातो. दगड अस्सल, रंग मात्र आगीने दिलेला. आज तर तडे गेलेल्या याकुतात काच भरतात. ती सूक्ष्मदर्शकाखालीच नीट ओळखू येते.

तापविणे हा काही अपराध नव्हे. ते लपवून अस्पर्शित खड्याची किंमत घेणे, ही फसवणूक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी त्यांनी विक्रेत्यास विचारणा केली. खड्याचा ओलावा हाताला लागत नाही, म्हणून विक्रेत्याची जबाबदारी अधिकच वाढते.

तेव्हा आपण खडा नैसर्गिक आहे का, एवढ्यावर थांबू नये. तो तापविलेला, रंगविलेला की भरलेला, हे पावतीवर लिहून मागावे. आणि रक्कम मोठी असल्यास रत्न-प्रयोगशाळेचा दाखला पाहूनच पैसे मोजावेत.