पोरका अँड्र्यू

उत्तर अमेरिकेत, उत्तर व दक्षिण कॅरोलायना या प्रांतांच्या सीमेवर, वॅक्सहॉ नावाचा रानवट मुलूख होता. परदेशांतून आलेले गरीब शेतकरी तेथे जंगल तोडून शेती करीत आणि ओंडक्यांची घरे बांधून राहत. १७६५ साली आयर्लंडहून जॅक्सन नावाचे एक कुटुंब तेथे आले. पती, पत्नी एलिझाबेथ आणि ह्यू व रॉबर्ट ही दोन लहान मुले. दोन वर्षे होतात न होतात तोच घरधनी मरण पावला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १५ मार्च १७६७ रोजी, तिसऱ्या मुलाचा जन्म झाला. त्याला वडिलांचेच नाव ठेवले. तोच अँड्र्यू जॅक्सन.

एलिझाबेथने बहिणीच्या घरी आश्रय घेतला. बहीण नेहमी आजारी असे. तिचा संसार सांभाळून एलिझाबेथने आपली मुले वाढविली. अँड्र्यूने शिकून धर्मोपदेशक व्हावे, अशी तिची फार इच्छा होती.

पण १७७५ साली अमेरिकन वसाहतींचे इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि त्याची झळ वॅक्सहॉपर्यंत पोहोचली. १७७९ मध्ये सोळा वर्षांचा ह्यू लढाईवर गेला. उन्हाच्या तापाने व श्रमाने थकून तो तेथेच मरण पावला. पुढच्याच वर्षी वॅक्सहॉजवळ मोठी कत्तल झाली. जखमी सैनिकांना गावच्या प्रार्थनामंदिरात आणले, तेव्हा पुत्रशोक बाजूस ठेवून एलिझाबेथ त्यांच्या शुश्रूषेस धावली. तिची मुलेही मदतीस होती.

१७८१ च्या एप्रिलमध्ये अँड्र्यू व रॉबर्ट इंग्रजांच्या हाती सापडले. एका अधिकाऱ्याने अँड्र्यूला आपले बूट साफ करण्यास फर्माविले. आपण युद्धकैदी आहोत, नोकर नव्हे, असे सांगून त्या चौदा वर्षांच्या मुलाने साफ नकार दिला. अधिकाऱ्याने तलवार उगारली. तिचे व्रण अँड्र्यूच्या हातावर व डोक्यावर जन्मभर राहिले. रॉबर्टलाही तसाच वार सोसावा लागला.

दोघांना सुमारे चाळीस मैलांवरील कॅमडेनच्या तुरुंगात डांबले. तेथे देवीची साथ होती; दोघांनाही देवी आल्या. हे कळताच आई कॅमडेनला गेली आणि कैद्यांच्या अदलाबदलीत तिने मुलांना सोडवून आणले. रॉबर्टला घोड्यावर बसविले होते. अँड्र्यू मात्र अंगात ताप असताना पावसात अनवाणी चालत होता. घरी पोहोचल्यावर दोनच दिवसांत रॉबर्ट वारला. आईने रात्रंदिवस जागून अँड्र्यूला वाचविले.

तो बरा होऊ लागताच ती माउली पुन्हा घराबाहेर पडली. तिचे भाचे चार्ल्सटन बंदरात इंग्रजांच्या तुरुंग-जहाजांवर आजारी पडले होते. त्यांची सेवा करता करता साथीच्या रोगाने तिलाच गाठले व तिचा अंत झाला. अँड्र्यूच्या हाती आले ते तिच्या कपड्यांचे लहानसे गाठोडे. तिची कबर कोठे आहे, हे पुढे शोध करूनही त्याला कळले नाही.

हा पोरका मुलगा कायदा शिकला, सेनापती झाला आणि १८२९ ते १८३७ पर्यंत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. १८१३ साली त्याच्या सैन्याने क्रीक लोकांचे एक गाव उद्ध्वस्त केले. तेथे मृत आईजवळ एक तान्हे मूल सापडले. स्वतःचे पोरकेपण आठवून जॅक्सनने त्याला आपल्या घरी वाढविले. परंतु त्याच जॅक्सनच्या मळ्यावर गुलाम राबत असत. आणि १८३० साली त्यानेच सही केलेल्या कायद्यामुळे हजारो मूळ रहिवाशांना आपली घरे सोडावी लागली. त्या वाटेवर कितीतरी मुले आईबापांना मुकली.

८ जून १८४५ रोजी जॅक्सनचा मृत्यू झाला. त्याच्या धैर्याचे कौतुक करावे. पण ज्याने आपले घर गमावले त्याच्याच हातून इतरांची घरे गेली, हेही विसरू नये. स्वतःचे दुःख आठवून परक्या जखमींच्या उशाशी बसणारी त्याची आई या बाबतीत त्याच्याहून थोर होती.