आपेगावचा पखवाज : पद्मश्री शंकरबापू आपेगावकर

आपेगाव म्हटले की बहुतेकांना पैठणजवळचे, ज्ञानेश्वर माउलींच्या पूर्वजांचे गाव आठवते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यातही एक आपेगाव आहे. संगीताच्या जाणकारांना ते परिचित झाले ते एका पखवाजवादकामुळे. शंकरबापू मंगाजी शिंदे हे पुढे आपल्या गावाच्या नावानेच ओळखले गेले आणि मराठवाड्यातील हे लहानसे खेडे देशाच्या संगीत-नकाशावर आले.

शंकरबापूंचा जन्म झाला तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. योगेश्वरीचे देऊळ आणि आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या यांमुळे अंबाजोगाईला संतपरंपरेचा वारसा लाभलेला. अशा परिसरात तालाची पहिली ओळख होई ती देवळातल्या भजनात. वारकरी परंपरेतील हाच पखवाज शंकरबापूंच्या हाती आला.

तो काळ या वाद्याला अनुकूल नव्हता. पखवाज हा धृपद-धमाराचा सोबती. ख्याल गायकीचा प्रसार झाला तसे मैफलीत तबल्याने त्याचे स्थान घेतले. पुढे संस्थाने विलीन झाली आणि राजाश्रयही संपला. दरबारातून आणि मैफलीतून मागे पडलेले हे वाद्य खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांनी मात्र जिवंत ठेवले. टाळ, वीणा आणि मृदंग यांच्याविना वारकऱ्यांचे कीर्तन उभे राहत नाही.

पखवाजाच्या उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ताजी भिजवलेली कणीक थापावी लागते. तिच्यामुळेच तो धीरगंभीर, खर्जाचा नाद उमटतो. दिंडीत शेकडो टाळ झणझणत असतानाही हा नाद वेगळा ऐकू येतो आणि चालणाऱ्यांची पावले एका लयीत ठेवतो. भजनात वादकाला अभंगाच्या शब्दांमागे राहावे लागते. स्वतंत्र वादनात बारा मात्रांचा चौताल किंवा चौदा मात्रांचा धमार परण आणि रेल्यांनी एकट्याने उभा करावा लागतो. दोन्हींची शिस्त निराळी आहे.

या दोन्ही वाटा शंकरबापूंच्या वादनात एकत्र आल्या. त्यांची ख्याती वारकरी वर्तुळापुरती मर्यादित राहिली नाही. शास्त्रीय पखवाजवादक म्हणूनही त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. भारत सरकारने १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान केली. त्यांच्याबरोबर हा गौरव गावोगावच्या अनाम मृदंगवादकांचाही झाला. दरबारांनी सोडलेले वाद्य याच मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते.

शंकरबापू आज नाहीत. त्यांचे सुपुत्र उद्धवबापू आपेगावकर यांनी वडिलांकडून मिळालेली विद्या पुढे शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठांवर नेली. दुष्काळ आणि ऊसतोडीच्या स्थलांतरासाठी बातम्यांत येणाऱ्या बीड जिल्ह्याची ही दुसरी ओळख शंकरबापूंनी घडवली.